तान्ह्या पोळ्याचा नंदी ओढणारा ट्रक

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या तीन आणि पाच एचपीच्या मोटारी, सबमर्सिबल, फवारणीचे बॅटरी पंप, हे रोजचं काम. गेल्या वर्षी आखाडी झाली आणि दोन दिवसांनी भाचा दुकानात आला. नववीत आहे. एका हातात रिमोटचा ट्रक, दुसऱ्या हातात त्याच्या आज्यानं सागाच्या लाकडाचा करून दिलेला नंदी.

"मामा, यंदा तान्ह्या पोळ्याले नंदी दोरीनं नाई ओढत. ट्रकनं ओढतो. मोटर मोठी बसवून द्या नं."

विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे लेकरांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत मारुतीच्या पारापर्यंत न्यायचे, मग घरोघर जायचं, लोक बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, देतात. श्रावण अमावस्या नुकतीच सरलेली असते. म्हणजे पाऊस असतो, आणि काळ्या मातीच्या गावात पाऊस म्हणजे काय हे चाक ओढणाऱ्यालाच ठाऊक.

बहिणीच्या घरापासून पारापर्यंतची वाट मी पावलांनी मोजली. सुरुवातीचे ७० मीटर सिमेंट रस्ता, पुढे साधारण ११० मीटर मुरूम, तोही थोडा चढाचा, आणि पाराच्या अगदी आधी बोअरिंगजवळ ८ मीटर चिखल. बोअरिंगचं पाणी वाहून तिथली माती बारा महिने ओली. त्यानंतर पाराची फरशी. एवढ्या वाटेसाठी एका खेळण्यात काय काय बदलावं लागलं, त्यातलं काय चुकलं आणि काय जमलं, ते इथे मांडतो.

ट्रक कसा होता

गाडी १:१६ मापाची, म्हणजे खऱ्या ट्रकच्या सोळाव्या हिश्श्याची. फौजी बांधणीची. चारही चाकांना ओढ, पुढे-मागे लोखंडी पाटे, मधे गिअरबॉक्स, त्यातून दोन्ही आसांकडे जाणारे शाफ्ट. दिसायला पक्की, पण आतले दातेरी गिअर सगळे प्लास्टिकचे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बॅटरीसह वजन भरलं ६४० ग्रॅम. नंदी भरला २४०० ग्रॅम. ओढणाऱ्याच्या पावणेचार पट ओढायचं ओझं.

वजनाचा हा हिशोब मी त्या दिवशी वहीत लिहिला, पण त्याचा अर्थ लावला नाही. मोटारीचा माणूस असल्यामुळे मलाही वाटलं की जोर वाढवला की काम होईल. भाच्यानं ३७० साइजची ब्रशची मोटर आणि ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी मागवली होती. मूळ मोटर लहान होती आणि बॅटरी ६ व्होल्टची. नवी मोटर बसवली. ट्रक अंगणात उंदरासारखा पळाला. मग त्याला मुरमावर नेऊन नंदी जुंपला. चाकं जागेवर गरगर फिरली, दगडाला एक चाक अडकलं, आतून कर्र आवाज आला. उघडून पाहिलं तर गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या गिअरचे चार दाते भुईसपाट. जोर वाढला होता, पण तो जमिनीपर्यंत पोहोचलाच नाही. वाटेत जे सगळ्यात मऊ होतं त्यावर निघाला.

दाते गेलेला गिअर हातात घेऊन पोरगा गप्प बसला होता. त्याचे पोळ्यासाठी जमवलेले पैसे त्यात गेले होते, आणि मोटर बसवायला हात माझा लागला होता. तेव्हा ठरवलं की यापुढे मोजल्याशिवाय काहीही विकत घ्यायचं नाही.

मोजमाप

भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा ताणकाटा, पण लहान, एक किलोपर्यंतचा, माझ्याकडे होता. त्याचं एक टोक ट्रकला, दुसरं खुंटीला. ट्रक पुढे सोडायचा आणि चाकं घसरायला लागेपर्यंत काटा कुठे जातो ते पाहायचं. मूळ गिअर सुटा मिळाला, तो बसवून दोन्ही मोटारींनी मुरमावर चाचणी घेतली. जुन्या लहान मोटरनं ओढ भरली २३० ग्रॅम. नव्या मोठ्या मोटरनं २४०.

हे दोन आकडे मी भाच्याच्या वहीत शेजारी शेजारी लिहायला लावले. जवळजवळ दुप्पट ताकदीची मोटर, आणि फरक दहा ग्रॅमचा. कारण सरळ आहे. चाक जमिनीला जेवढं दाबून धरतं त्याच्या काही हिश्श्याएवढीच ओढ मिळते. तेवढी ओढ झाली की चाक घसरतं, मागे मोटर कितीही मोठी असली तरी.

मग काटा उलटा लावला: नंदीला बांधून हातानं ओढला. सिमेंटवर ३९० ग्रॅम लागले, मुरमावर ७००. नंदीची चाकं लहान, सव्वा इंचाची, आणि खिळ्यावर फिरणारी. खिळा लाकडावर घासत होता. म्हणजे गरज सातशेची आणि हाती दोनशे चाळीस. यातलं अर्धं अंतर ट्रकला हात न लावता कमी होऊ शकतं, हे तिथेच दिसलं.

नंदीला आधी हात घातला. आज्यानं नवी चाकं कातून दिली, अडीच इंचाची. खिळ्यांऐवजी सायकलच्या आऱ्यांचे तुकडे, त्यावर पितळी नळीचं बुश, दोन्ही बाजूंना वायसर, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. मोठं चाक खडा सहज ओलांडतं, लहान चाक त्याला अडतं. बंडीचं चाक उंच असतं ते याचसाठी. पुन्हा काटा लावला. मुरमावर ७०० चे ३२० झाले, सिमेंटवर १८०. खर्च तीस रुपयेसुद्धा आला नाही. या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान या आकड्यानं दिलं. आज्यानं काटा स्वतः हातात घेऊन तीनदा ओढून पाहिला.

तीन चाकांवर उभा ट्रक

पकड कमी का, याचं उत्तर काडेपेटीनं दिलं. ट्रक फरशीवर ठेवायचा, पुढच्या डाव्या चाकाखाली काडेपेटी आडवी सरकवायची आणि मागचं डावं चाक पाहायचं. एकाच काडेपेटीला ते चाक उचललं गेलं. त्याखालून कागद सरळ निघाला. पाटे इतके कडक होते की गाडी एका पायाखाली दगड सरकवलेल्या चौरंगासारखी तीन पायांवर उभी राहत होती.

आता यात डिफरन्शियल आणा, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी आसातली गिअरची जुळणी. मोकळं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो किती, हे ठरतं कमी अडणाऱ्या चाकावर. एक चाक हवेत गेलं की त्याला अडवणारं काही नाही, म्हणून ते फिरत बसतं आणि जमिनीवरच्या चाकाला काहीच मिळत नाही. ट्रॅक्टरवाल्यांना हे माहीत असतं. चिखलात मागचं एक चाक भिरभिरायला लागलं की ते पायाखालचं डिफ लॉक दाबतात.

आमच्या शेजारी ट्रॅक्टर चालवणारे एक काका आहेत. संध्याकाळी दुकानावर येऊन बसतात. त्यांनी ट्रक हातात घेतला, मागून दोरी ओढून पाहिली आणि म्हणाले, "जोर हाये बाप्पा, पन जमीन धरून नाई राह्यला. आनि हे दोरी एवढी वरतं कायले बांधली?"

दोरीचं नंतर सांगतो. आधी पाटे. प्रत्येक पाट्यात तीन पानं होती. मधलं पान काढलं, दोनच ठेवली, आणि पाटा जिथे सरकतो तिथे घासणारी प्लास्टिकची कड कानशीनं घासली. आता ट्रक तीन काडेपेट्यांपर्यंत चारही चाकं टेकवून उभा राहू लागला. याहून मऊ केलं असतं तर ओझ्याखाली मागचा आस वळला असता. मी एका बाजूला एकच पान ठेवून पाहिलं, तेव्हा जोर दिल्यावर आस आपल्याभोवती पिळला जाऊन शाफ्टचा क्रॉस, म्हणजे टोकाचा वळणारा सांधा, अडकला. दोन पानांवर थांबलो.

डिफरन्शियलचा प्रश्न थोडा विचार करून सोडवला. मागचा आस उघडला, आतले चार लहान तिरपे गिअर पेट्रोलनं धुऊन ग्रीस काढलं, आणि त्यांच्या दातांमध्ये एम-सील भरलं. या प्लास्टिकला एम-सील चिकटत नाही हे खरं, पण इथे चिकटायची गरजच नाही. दातांच्या फटीत कडक झालं की गिअर फिरू शकत नाहीत, एवढंच हवं. एक रात्र वाळू दिलं. सकाळी एक चाक फिरवलं की दुसरंही त्याच दिशेनं फिरू लागलं.

पुढचा आस मात्र मोकळाच ठेवला. भाच्याला दोन्ही बांधून हवे होते, आणि खडकावर चढणाऱ्या गाड्यांत लोक तसं करतातही. पण दोन्ही चाकं एका वेगानं फिरायला लागली की वळताना एकाला घासत जावं लागतं. गाडी वळायला नकार देते आणि सगळा ताण सर्वोवर, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरवर, येतो. आमच्या ट्रकचा सर्वो पाच तारांचा होता. खेळण्यातल्या गाडीत सर्वो चालवणारं सर्किट मुख्य बोर्डावरच असतं, म्हणून त्याला पाच तारा लागतात. बाजारात मिळणारा धातूच्या गिअरचा सर्वो तीन तारांचा, तो या बोर्डाला जोडताच येत नाही. तो हवा असेल तर रिसीव्हर, स्पीड कंट्रोलर, रिमोट सगळंच बदलावं लागतं. पाराकडे जाताना एकच काटकोनातलं वळण होतं. तेवढ्यासाठी तो खर्च मला पटला नाही.

वजन कुठे ठेवायचं

भाच्यानं पकड वाढवायचा आपला एक उपाय आधीच केला होता. हौद्यात गिट्टी भरली होती. पकड वाढली खरी, पण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तिरपा गेला की ट्रक आडवा. वजन हवंच होतं, पण वर नको होतं.

किती वर आहे ते काढायला एक पाट घेतला. ट्रक त्यावर आडवा ठेवला आणि पाट एका बाजूनं उचलत गेलो. पाटाला कंपासपेटीतला कोनमापक आणि धाग्याला बांधलेला नट. रिकामा मूळ ट्रक ३८ अंशांवर उलटला. चाकांची बाहेरच्या कडांपर्यंतची रुंदी १३० मि.मी., तिचा अर्धा ६५. त्याला ३८ अंशांच्या टॅनजंटनं, म्हणजे ०.७८ नं भागलं की गुरुत्वमध्याची उंची मिळते: साधारण ८३ मि.मी. पाटे आणि टायर थोडे दबतात, त्यामुळे हा ढोबळ आकडा. पण आधी आणि नंतरची तुलना करायला पुरतो. नववीच्या पोराला भूमितीच्या पुढच्या धड्यातलं त्रिकोणमितीचं कोष्टक त्या दिवशी मी समजावलं, आणि ते त्याला एका बैठकीत कळलं.

वजन आणलं दारव्ह्याच्या टायरवाल्याकडून. चारचाकीचं व्हील बॅलन्सिंग करताना रिमला चिकटवतात त्या पाच-पाच ग्रॅमच्या पट्ट्या. प्रत्येक चाकाच्या आत, टायर काढून, सात पट्ट्या गोल बसवल्या. चार चाकांत मिळून १४० ग्रॅम. चाकातलं वजन सगळ्यात खाली असतं आणि ते पाट्यांवर येत नाही, म्हणून पाटे दबत नाहीत. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात, चाकांना लोखंडी वजनं लावतात, तेच हे. या पट्ट्या लोखंडाच्याही मिळतात आणि शिशाच्याही. आमच्या शिशाच्या निघाल्या, म्हणून त्यावर टेपचे दोन वेढे दिले आणि काम झाल्यावर पोराला साबणानं हात धुवायला लावले. लहान लेकरांच्या घरात शिसं उघडं ठेवू नये.

बॅटरी हौद्याखाली उंच बसवलेली होती, ती चॅसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये खाली आणली. पुढच्या बंपरमागे ४० ग्रॅमची लोखंडी सळई. गिट्टी टाकून दिली. आता ट्रक ४९ अंशांपर्यंत उभा राहिला. म्हणजे गुरुत्वमध्य ५७ मि.मी. वर आला, २६ मि.मी. खाली.

आता काकांची दोरी. भाच्यानं ती हौद्याच्या मागच्या फळीला बांधली होती, जमिनीपासून ७५ मि.मी. उंच. चाकांच्या दोन आसांमधलं अंतर १९० मि.मी. अशा वेळी ५०० ग्रॅमची ओढ पुढच्या आसावरचं जवळपास २०० ग्रॅम वजन उचलून मागे टाकते. पुढची चाकं हलकी होतात, सुकाणू लागत नाही, आणि चढावर तर नाकच उचललं जातं. ट्रॅक्टरला ओंडका वर बांधून ओढल्यामुळे पुढची चाकं उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटतो, माणसं दगावतात. काका हे सांगताना थट्टेच्या सुरात नव्हते. आम्ही चॅसिसच्या तळाला तारेचा हूक केला, जमिनीपासून २५ मि.मी. त्याच ओढीला आता पुढून फक्त ६५ ग्रॅम जातात.

गिअर, मोटर, बॅटरी

इथवर आल्यावर मोटरकडे परत वळलो. ट्रकची चारही चाकं उचलून, एका चाकाला पांढरी टेप लावून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. मोठ्या मोटरवर चाक सेकंदाला ११ फेरे घेत होतं. चाक ६० मि.मी. व्यासाचं, घेर १८८ मि.मी. म्हणजे सेकंदाला दोन मीटरच्या वर, तासाला साडेसात किलोमीटर. बैल तासाला तीनेक किलोमीटर चालतो. ओझं ओढायचं तर बैलाच्या चालीनं ओढायला हवं. वेग कमी करून तोच जोर वाढवण्याचं काम गिअरचं.

मूळ गिअरबॉक्समध्ये मोटरच्या २८ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होता. या गाड्यांसाठी धातूच्या गिअरचे, जास्त रिडक्शनचे गिअरबॉक्स सुटे मिळतात. आम्ही घेतला त्यात ४५ फेऱ्यांना एक. सगळ्या कामात हीच एक मोठी खरेदी. तो ६० ग्रॅमनं जड होता, पण चॅसिसच्या मधोमध आणि खाली, म्हणून चाललं. शाफ्ट आवळून धरणाऱ्या बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूंना थ्रेड लॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा डिंक, लावलं. एका स्क्रूला ते लावायचं राहिलं. ते करीच्या दिवशी पुढे येणार होतं.

बॅटरीबद्दल थांबून लिहितो, कारण गावोगाव पोरं हे करताना पाहतो. पहिली विकतची बॅटरी पोरानं पार उतरवून फुगवून ठेवली होती. तिच्या जागी तो मित्राच्या जुन्या पॉवर बँकमधून काढलेले दोन १८६५० सेल, म्हणजे लिथियमचे गोल सेल, घेऊन आला. मीटर लावला: एक ४.१ व्होल्ट, दुसरा ३.६. असे दोन सेल एकामागे एक जोडले की एक आधी उतरतो आणि दुसरा त्याला उलट्या दिशेनं ढकलत राहतो. चार्ज करताना एक आधी भरतो आणि मर्यादेपलीकडे जातो. लिथियमचा सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो आणि ३ च्या खाली त्याला कधीही उतरवू नये. मी ते सेल ठेवून घेतले आणि एकाच जातीचे दोन नवे, प्रोटेक्शन बोर्डासह, बसवले. चार्जिंग दुकानात, फरशीवर, माझ्यासमोर. या एका बाबतीत मी त्याचं काहीही ऐकलं नाही.

बोर्डाला पाण्यापासून वाचवायला बहिणीचं बिनरंगी नेलपॉलिश दोन हात लावलं, पिना आणि बटण सोडून. वरून फुगा ओढून तोंड बांधलं.

सगळं मिळून वजन ८८० ग्रॅम, पुढच्या आसावर ५२ टक्के. खडक चढणारे शौकीन पुढे साठ टक्क्यांपर्यंत ठेवतात. आम्हाला मागे ओझं होतं, म्हणून मी तेवढं केलं नाही. ताणकाट्यानं मुरमावर दाखवले ५४० ग्रॅम, सिमेंटवर ५९०. नंदी जुंपून मुरमावर २० मीटर अंतर ट्रकनं २४ सेकंदांत कापलं. बैलाची चाल.

काळी माती

आता उरले ८ मीटर.

आमची माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यात फुगणारी चिकणमाती भरपूर. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती पाणी पिऊन फुगते. शेतकरी तिच्यात पाय कधी घालायचा हे वाफशावर ठरवतो. वाफसा आला की माती भुसभुशीत सुटते. त्याआधी औत घातलं तर ती लोखंडाला धरून बसते. हे माहीत असूनही आम्ही पहिली चाचणी पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी घेतली, आणि तीच सर्वांत वाईट अवस्था होती. पूर्ण पातळ चिखलात चाक निदान धुतलं जातं. अर्धवट ओली माती मात्र टायरच्या खाचांत बसली, तिच्यावर आणखी बसली, आणि दहा मीटरमध्ये चारही चाकांचे लाडू झाले. ट्रक तसाच काट्यावर ठेवला: १०९० ग्रॅम. २१० ग्रॅम माती त्यानं अंगावर घेतली होती. टायरची नक्षी दिसतच नव्हती, आणि नक्षी नसली की चाक म्हणजे गोल गोटा.

त्यावर दोन गोष्टी केल्या. चिखलाला अडवणारे मडगार्ड काढले. आणि टायरच्या गुट्ट्यांपैकी एकाआड एक ब्लेडनं कापून टाकली, म्हणजे खाचा रुंद झाल्या आणि माती धरायला कोपरे कमी उरले. फरक पडला, पण अर्धाच. खाच स्वतःला साफ करते ती चाकाच्या वेगावर, माती उडवून. आम्ही तर वेग मुद्दाम कमी केला होता. मुरमावर जी गोष्ट गुणाची तीच चिखलात आड आली. यातून सुटका मला सापडली नाही, आणि एकाच गाडीला दोन्ही साधता येतं असं मला वाटतही नाही.

चिखलातली ओढ मोजली: ट्रकची ३०० ग्रॅम. चिखलात रुतलेल्या नंदीला लागत होते ८०० च्या वर. इथे आणखी वजन किंवा मोटर घालून काही होणार नव्हतं.

उत्तर पुन्हा काकांकडून आलं. "ट्रॅक्टर फसला त दुसरा ट्रॅक्टर चिखलात नेत नाई आपन. थो पक्क्यावर उभा राह्यते. दोर लांब पाह्यजे." ट्रक एकटा, मोकळा, चिखल पार करू शकत होता. पलीकडे पाराची फरशी होती, आणि फरशीवर त्याची ओढ जवळपास सहाशे. दोर १० मीटरचा. राहिला नंदी, त्याला तर आठशे लागतात. काका म्हणाले, चाकावर कायले, फळीवर घाल. शेतात लोखंडी अवजार चिखलातून नेताना ते फळीवर टाकून ओढत नेतात. आम्ही तेलाच्या पत्र्याच्या डब्याची एक बाजू कापली, कडा आत दुमडून हातोडीनं ठोकल्या, पुढचं टोक वर वळवलं, आणि त्यावर नंदी सुतळीनं बांधला. ओल्या चिखलावर पत्रा घसरतो. काटा म्हणाला ४२०.

करीचा दिवस

रात्री पाऊस झाला होता. नंदीला झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. भाच्यानं ट्रकलाही पुढे आंब्याची डहाळी बांधली. सिमेंट रस्ता सरळ पार झाला. मुरमावर चढ लागला तिथे निम्म्यात ट्रक थांबला: मोटरचा आवाज येतोय, मागची चाकं गप्प. उलटा करून पाहिलं. मागच्या शाफ्टचा ग्रब स्क्रू सैल, शाफ्ट आसावर नुसता फिरत होता. थ्रेड लॉक राहिलेला हाच तो. ॲलन की भाच्याच्या खिशात होती. मागे लेकरांची रांग खोळंबली होती, पण कुणी कटकट केली नाही. सगळी वाकून बघत होती. स्क्रू आवळून पाच मिनिटांत निघालो.

बोअरिंगपाशी त्यानं नंदी सोडला, पत्र्यावर बांधला, दोर जोडला. ट्रक एकटा चिखलात शिरला. मधे एकदा डावीकडे घसरून आडवा झाला, भाच्यानं मागे घेतला, पुन्हा सरळ काढला. फरशीवर चढल्यावर चाकांतली माती काडीनं खरवडून काढली. मग दोर हळूहळू ताणत नेला. एकदम ओढ दिली असती तर धक्क्यानं चाकं घसरली असती, हे त्यानं दुकानाच्या फरशीवर पन्नास वेळा करून पाहिलेलं. दोर ताठ झाला, क्षणभर काहीच हललं नाही, आणि मग पत्रा सुटला आणि नंदी घुंगरू वाजवत चिखलावरून सरकत आला. कुणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणायला सुरुवात केली. आज्यानं बोजारा म्हणून शंभराची नोट ट्रकच्या हौद्यात ठेवली.

दोन दिवसांनी ट्रक उघडला. मागच्या आसातलं एम-सील जसंच्या तसं. गिअरबॉक्स कोरडा. नेलपॉलिशखाली बोर्ड स्वच्छ. पण मागच्या डाव्या चाकाच्या प्लास्टिक बुशमध्ये चिकणमाती शिरून तिनं कुरुंद दगडासारखं काम केलं होतं. भोक लांबट झालंय आणि चाक हातानं हलवलं की डुगडुगतं. चारही चाकांना झाकणाचं बॉल बेअरिंग बसवायचं ठरवलं आहे, मागणी गेली आहे. ते येईपर्यंत ट्रक दुकानातल्या फळीवर दोन विटांवर टेकवून ठेवलाय, चाकं अधांतरी, म्हणजे टायरमधला फोम एका जागी दबणार नाही.